गाडी माह्यासाठीच आली

काकू कोणाच्याही घरी गेल्या की आधी अंगणातच थांबायच्या. चप्पल काढायच्या नाहीत, ओट्याला हात लावायच्या नाहीत. तिथूनच हाक द्यायच्या, "आहे का वं घरात कोणी?" आतून "या" असा आवाज आला तरच पुढचं पाऊल. आवाज आला नाही, नुसतं कोणी दारात येऊन उभं राहिलं, तर काकू अंगणातूनच बोलायच्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं, डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात. मी चुळबुळ केली की हळूच म्हणायच्या, "राहू द्या ना बापा. 'या' म्हणन तं जाऊ."

पहिले काही दिवस मला हा त्यांचा भिडस्तपणा वाटला. तुम्हालाही वाटला असता. पुढे एकदा सेलूच्या बसस्टँडवर शेंगा खात बसलो असताना त्यांनी सहज सांगितलं. नवरा हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये प्रेसवर कामाला होता. तो गेल्यावर दहा वर्षांच्या लेकीला घेऊन त्या सासरच्या दारात उभ्या राहिल्या. सगळी माणसं घरातच होती. चुलीवर भाजी शिजत असल्याचा वास येत होता. "ये" कोणी म्हटलं नाही. मग त्या तशाच माहेरच्या गावी, भावाकडे आल्या. भावानं "ये" म्हटलं, पण त्याला नवरा गेल्याचं कारण सांगितलं होतं कावीळ.

एवढं सांगून त्यांनी शेंगांची टरफलं पदरात गोळा केली आणि उठून कचऱ्याच्या डब्यात टाकून आल्या.

मी तेव्हा एका अभ्यासासाठी मुलाखती घेण्याचं काम करत होते. एचआयव्ही असलेल्या बायांना आपण राहतो ते गाव आपलं वाटतं का, नसेल वाटत तर ते कधीपासून, असा तो विषय होता. वर्धा जिल्ह्यातल्या गावांतून फिरायचं, बाईला एकटीला गाठायचं, तिची परवानगी घ्यायची आणि प्रश्नावली भरायची. एकेका बाईची मुलाखत वर्षभराच्या अंतराने दोनदा घ्यायची होती. संस्थेनं काकूंना माझ्याबरोबर सोबतीण म्हणून दिलं होतं. त्यांना स्वतःला अकरा वर्षं हा आजार होता, रोजची गोळी चालू होती, तब्येत खणखणीत होती. मी एकटी गेले की बाया मला नुसता चहा द्यायच्या. काकू बरोबर असल्या की बोलायच्या.

काकूंच्या गावात मात्र हे कोणालाच माहीत नव्हतं. तिथे त्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या. एक आठवडा त्या, एक आठवडा दुसरी बाई. मोकळ्या आठवड्यात त्या आमच्याबरोबर फिरायच्या, आणि गावात सांगायच्या की वर्ध्याला शिवणकामाला जाते. त्यांची एकच अट होती. पहिल्याच दिवशी बोट उगारून सांगितली होती, "माह्या गावात गाडी आणजो नोका. कधीच. मीच येईन जिथं म्हणसान तिथं."

आमची प्रश्नावली शहरात बसून तयार झाली होती. तिच्यात "आपण या समुदायाचा घटक आहोत असे आपणांस कितपत वाटते?" असा एक प्रश्न होता, आणि उत्तरासाठी एक ते पाच आकडे. पहिल्याच बाईनं तो प्रश्न ऐकून काकूंकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्या का म्हणून राह्यल्या?" काकू म्हणाल्या, "त्या विचारून राह्यल्या, हे गाव तुले किती आपलं वाटते? चतकोर भाकर, अर्धी, पाऊण, का पुरी?" बाईनं विचार केला आणि म्हणाली, "टोपल्यात चुरा राह्यते ना खाली, तेवढं." मी एकवर गोल केला. तेव्हापासून आमची मोजणी भाकरीवरच चालली. संस्थेतल्या मोठ्या सरांना मी हे भीत भीत सांगितलं, तर ते हसले आणि म्हणाले, चालू द्या.

काकूंना हसवायलाही यायचं. सेलूकडच्या एका गावात एक म्हातारी आम्हाला कुटुंबनियोजनवाल्या समजून मागे लागली होती. काकू तिला म्हणाल्या, "आता तुह्यं काय नियोजन करू वं माय? तुह्यं तं देवानंच करून टाकलं." म्हातारी एवढी हसली की तिला ठसका लागला आणि काकूच तिची पाठ चोळत बसल्या. बायांसमोर त्या आजाराचं नाव कधी घेत नसत. "ते" म्हणायच्या. "ते झालं तवा", "ते समजलं तवा". आम्हालाही त्यांनी तसंच बोलायला लावलं होतं.

आता मी जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे. ती कोणाच्या अंगावर ढकलता येत नाही, हे आधीच लिहून ठेवते.

काकूंच्याच गावात एक सून होती. वय सव्वीस. तिलाही ते होतं, नवऱ्यालाही होतं. दोघांनाच माहीत होतं, सासूला नाही. काकूंना ती वर्ध्याला औषधाच्या रांगेत दिसली होती. दोघी एकमेकींना पाहून थिजल्या आणि मग रांग संपेपर्यंत एका बाकावर बसून राहिल्या. गावात त्या दोघी एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलायच्या. विहिरीवर भेटल्या तर "काय चाललं?" आणि "काई नाई." औषधाच्या दिवशी मात्र वेगवेगळ्या बसनं यायच्या आणि त्याच बाकावर बसायच्या. सुनेची पहिली मुलाखत मी तिथेच घेतली होती.

दुसऱ्या मुलाखतीची वेळ आली आणि ती सापडेना. ती पाच महिन्यांची गरोदर होती. सासू एकटीला बाहेर सोडत नव्हती. औषध नवरा घेऊन जात होता. माझे सगळे फॉर्म पूर्ण झाले होते, हा एकच राहिला होता आणि आठवड्याच्या शेवटी द्यायचा होता. तिचं औषध चुकलं म्हणून मी गेले असते तर गोष्ट वेगळी. मी फॉर्मसाठी गेले.

मला वाटलं, अंगणवाडीच्या कामाला आले असं सांगेन, पाच मिनिटांत आटपेन. गाडी भाड्याची होती. तिच्या मागच्या काचेवर आधीच्या कुठल्यातरी एचआयव्ही मोहिमेचा लाल फितीचा कागद चिकटलेला होता. माझ्या तो लक्षातच आला नाही. ड्रायव्हरनं किराणा दुकानापाशी काच खाली करून सुनेचं नाव घेऊन घर विचारलं, तेही मला थांबवता आलं नाही. ती लाल फीत गावात सगळ्यांना ओळखीची होती. शाळेच्या भिंतीवरच रंगवली होती.

गाडी घरापुढे थांबेपर्यंत मागे चार-पाच बाया जमल्या. सासू गहू पाखडत होती, ती सूप घेऊनच उठली. सून दारात आली आणि मला पाहून तिच्या तोंडाचं पाणी पळालं. सासूनं एकदा काचेकडे पाहिलं, एकदा सुनेकडे.

"कोणाकडं आल्या तुम्ही?" तिनं मला विचारलं. "माह्या सुनेचं नाव काऊन घेतलं त्यानं?"

अंगणवाडीचं खोटं तोंडात तयार होतं, पण बाया काचेकडे बोट दाखवत होत्या आणि ते खोटं तिथे टिकणारं नव्हतं.

शाळा समोरच होती. काकूंचा खिचडीचा आठवडा होता. त्या मोठं पातेलं घासत बसलेल्या होत्या. कोपरापर्यंत राख लागलेल्या हातांनीच त्या रस्ता ओलांडून आल्या.

"अवं ताई, इकडं कुठी शिरल्या?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "मी तुमाले हिच्या घराची खूण सांगतली होती. हिच्या घरावरून पुढं या म्हणलं होतं. माह्यं घर तिकडं आहे."

मग सासूकडे वळून म्हणाल्या, "गाडी माह्यासाठीच आली."

"तुह्यासाठी? काऊन?"

काकूंनी हात पदराला पुसले. ज्या शब्दाला त्यांनी आम्हाला दोन वर्षं हात लावू दिला नव्हता, तो त्यांनी अगदी सरळ उच्चारला.

"मले एड्स आहे. अकरा वर्सं झाले. माह्या नवऱ्याले कावीळ नव्हती झाली."

सगळ्यांत जवळ उभी असलेली बाई दोन पावलं मागे सरकली. मी सुनेकडे पाहिलं. ती दाराची चौकट धरून उभी होती, आणि तिचा दुसरा हात पोटावर होता. काकू माझ्या दंडाला धरून मला गाडीकडे घेऊन गेल्या. त्यांच्या हाताची राख माझ्या बाहीला लागली. "चला आता माह्या घरी," त्या म्हणाल्या. "आल्या तं चहा तं घ्या." आणि गाडीत बसल्यावर मी रडायला लागले तेव्हा म्हणाल्या, "रडू नोका. लोकं पाहून राह्यले. हसत बसा."

आम्ही दोघी त्या गाडीतून गावातून हसत गेलो.

त्यानंतरच्या दिवसांत काय काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. मी एका डॉक्टरांना घेऊन शाळेत गेले. पालकांची सभा झाली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की स्वयंपाकातून, पाण्यातून, स्पर्शातून हे होत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका बाईनं चांगले प्रश्नही विचारले. दुसऱ्या दिवशी अर्ध्याहून जास्त मुलं घरून डबे घेऊन आली. उरलेल्या मुलांनी ताटं पुढे केली, पण खिचडी पायरीवर ओतून दिली. घरून तसं सांगितलं होतं. मुख्याध्यापक भला माणूस होता, त्यानं काकूंना काढलं नाही. काकूच म्हणाल्या, "लेकरं उपाशी राह्यतील तं मले कसं वाटन?" आणि त्यांनी खिचडीच्या खोलीची चावी देऊन टाकली.

मी कायद्याचं बोलले. असा भेदभाव करता येत नाही, तक्रार करू, मी साक्ष देईन. काकूंनी ते सगळं ऐकून घेतलं.

"कायदा माह्यासंग जेवाले बसन का, ताई?"

भावानं घरातून काढलं नाही, पण मागच्या पडवीत वेगळी चूल मांडून दिली. लेक तळेगावला दिलेली होती. तिच्या सासरी बातमी पोचायला चार दिवसही लागले नाहीत. तिथून निरोप आला की इकडे येऊ नये. लेक दुपारी सासू झोपली की फोन करायची आणि मध्येच ठेवून द्यायची.

पण मला सगळ्यांत जास्त लागलं ते वेगळंच. बचत गटाच्या बैठकीत काकूंना गटात ठेवायचं की नाही यावर बोलणं निघालं. बाया एकमेकींकडे पाहत होत्या, आधी कोणी बोलायचं म्हणून. तेव्हा ती सून उठून म्हणाली, "माह्या पोटात लेकरू आहे. मले भेव लागते. त्याइले येऊ देऊ नोका." सासूनं मान डोलावली. विषय संपला.

हे मला दुसऱ्या एका बाईकडून कळलं आणि माझं डोकं फिरलं. मी तरातरा काकूंकडे गेले. त्या पडवीत ज्वारी निवडत होत्या.

"ज्या पोरीसाठी तुम्ही हे सगळं केलं, तिनं..."

"मीच सांगतलं होतं तिले तसं बोलाले," काकू म्हणाल्या. डोळे ज्वारीवरच होते. "थे नाई-नाई म्हणे. रडे. मी म्हणलं, सगळ्याइच्या आधी तूच बोल. मंग तुह्याकडं कोणी पाह्यन नाई. माह्याशी बोलूबी नोको आता. रस्त्यात दिसली तं तोंड फिरवजो."

मी बसले. त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला.

"काऊन केलं असं विचारून राह्यल्या ना तुम्ही मनात? तिच्या पोटात पाचवा महिना होता. तिले त्या दिवशी बाहेर काढलं असतं तं कुठी जाती थे? मले कुठी जायचं नव्हतं." आणखी एक खडा काढून म्हणाल्या, "तसं काई मी लय मोठी नाई. मलेबी लय भेव वाटला. हात पदराले पुसले ना मी, थे राखेसाठी नाई. बोलाच्या आधी जरा वेळ पायजे होता."

पावसाळ्यात सुनेला मुलगी झाली. दीड महिन्यानं तपासणी झाली, बाळाला ते नव्हतं. मी काकूंना फोन केला. त्यांनी बाळाचं वजन विचारलं. मी सांगितलं. "बरं आहे," म्हणाल्या, "जावळ आहे का?" ते मला माहीत नव्हतं. त्यांच्या घरापासून ते बाळ शंभर पावलांवर होतं.

दिवाळीनंतर कळलं, काकूंनी पावसाळ्यापासून औषधाच्या तारखा चुकवल्या होत्या. मी विचारलं तर टाळत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, बसमध्ये बसलं की शेजारची बाई उठून जाते, आणि ते पुऱ्या गावासमोर होतं. मी म्हटलं मी औषध आणून देते, त्या म्हणाल्या, "तुमी गावात येजो नोका आता." मी ते ऐकलं. ऐकायला नको होतं. थंडीत त्यांना ताप यायला लागला, खोकला सुरू झाला, आणि भावानं त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात आणलं तेव्हा त्यांचं वजन निम्मं झालं होतं. टीबी होता, फार पसरलेला.

दवाखान्यात भाऊ सकाळी यायचा, दुपारी शेताकडे जायचा. लेक एकदा येऊन गेली. एका दुपारी मी वॉर्डाच्या दाराशी पोचले तर काकूंच्या पलंगावर कोणीतरी बसलेलं दिसलं. ती सून होती. तिची औषधाची तारीख होती, सासूला दात दाखवायला जाते म्हणून सांगितलं होतं, बाळ घरी ठेवलं होतं. तोंडाला ओढणी बांधून ती काकूंच्या केसातला गुंता सोडवत होती. खूप दिवसांचा गुंता होता. ती एकेक बट बोटात धरून खालून वर विंचरत होती, म्हणजे ओढ बसू नये. काकूंचे डोळे मिटलेले होते.

"जावळ लय दाट आहे तिचं," सून सांगत होती. "काळंभोर. अन् कानावरबी आहे."

मी आत गेले नाही.

त्यानंतर नवव्या दिवशी काकू गेल्या. मी गावात गेले, या वेळी बसनं. माणसं आली होती. आली नाहीत असं मला लिहिता येणार नाही. भावानं सगळं रीतसर केलं. बाया जरा लांब, शाळेच्या भिंतीच्या सावलीत उभ्या होत्या. पहिल्या दिवशी पोराला डबा देऊन पाठवणारी एक बाई डोळे पुसत मला म्हणाली, "तिच्या हातची खिचडी लय गोड होती." ती मनापासून म्हणत होती. सून मला दिसली. सासूच्या बाजूला, कडेवर बाळ घेऊन उभी होती. तिचा चेहरा कोरडा होता.

आमचा अहवाल छापून आला. त्यात काकू कुठे नाहीत, कारण त्या संस्थेच्या माणूस होत्या आणि त्यांचा फॉर्म भरायचा नव्हता. माझी चूक मी मोठ्या सरांना सगळी सांगितली होती. त्यावरून पुढच्या अभ्यासाच्या सूचनांत एक ओळ आली : "वाहन गावाबाहेर उभे करावे."

काकू गेल्यावर साधारण तीन आठवड्यांनी, दुपारी दोनच्या सुमाराला, सून संस्थेच्या ऑफिसात आली. एकटीच. सासूला दवाखान्याचं सांगून आली होती. मी तिला पाणी दिलं. तिनं पेला हातात धरला आणि खोलीकडे पाहिलं.

"इथं कोणी येते का, ताई?"

"आत्ता नाही येणार."

"मंग दार लावा जरा."

मी दार लावलं. तिनं पेला टेबलावर ठेवला, तोंडात पदर कोंबला आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो काढून टाकला. म्हणून मी समोरच्या खुर्चीवर बसून राहिले. बऱ्याच वेळानं ती बोलायला लागली. घरी रडताच येत नाही, ती म्हणाली. एकदा भाकरी करताना डोळ्यांत पाणी आलं तर सासूनं विचारलं, तुह्यी कोण लागे थे? "धूर गेला म्हणलं मी." मग पुन्हा पदर तोंडात घातला.

साडेतीन वाजले. तिनं मोरीत जाऊन तोंड धुतलं, केस नीट केले, कुंकू सारखं केलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"डोळे लाल दिसून राह्यले का, ताई?"

"थोडे."

तिनं घड्याळाकडे पाहिलं. चारच्या बसला अजून वेळ होता.

"मंग हे बस जाऊ देतो," ती म्हणाली. "पाचचीनं जातो."

ती परत खुर्चीवर बसली. आम्ही दोघी तिचे डोळे निवळायची वाट पाहत पाचपर्यंत तशाच बसून राहिलो.